बेल्किसच्या नावाची बाटली

बेल्किसला गोड बोलता येत नसे. अकरा वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहून बकरीच्या दुधाची मिठाई घोटत होती. हातांना, केसांना साखर चिकटलेली आणि तोंड मात्र तिखटजाळ. गिऱ्हाईक वडी बोटाने दाबून बघायला लागलं की म्हणायची, "दाबून काय बघताय, लग्न ठरवायचंय का तिच्याशी?" मालकाने दुधात पाणी घातलं की ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, आज बकऱ्या विहिरीत पडल्या होत्या का. मालक तिला दर महिन्याला कामावरून काढायचा आणि दुसऱ्या दिवशी बोलावून आणायचा. काहील चुलीवरून नेमकी कधी उतरवायची, हे आमच्या पाया गावात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

ती काचेच्या ग्लासात पाणी घ्यायची, त्यात दुधाचा एक थेंब सोडायची आणि बघत राहायची. मग म्हणायची, "आता." त्या "आता"ला आम्ही चौघी मिळून काहील उचलायचो. जरा आधी उचलली तर वडी पडत नाही, जरा उशीर झाला तर सगळं करपतं. काहिलीच्या तळाची खरवड घोटणाऱ्या बायकांची, हा आमच्याकडचा रिवाज. बेल्किसला गोड आवडत नसे, त्यामुळे तिची खरवड मला मिळायची. अकरा वर्षं मी दोघींची खरवड खाल्ली. मला दिवसभर तहान लागायची. ती चुलीच्या धगीने लागते असं मी धरून चालले होते. तासातासाला परसात पळायचे आणि ती मागून ओरडायची, "कोमाद्रे, तुमच्या पोटात नळ उघडा राहिलाय."

आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो, कारण तिची मुलगी यानेली हिच्या बाप्तिस्म्याला धर्माची आई म्हणून मी उभी होते. त्याआधी मी तिला अगं-तुगं करायचे. बाप्तिस्मा झाला, त्या दिवसापासून दोघींचं अहो-जाहो सुरू झालं. माझ्यापेक्षा ती तेवीस वर्षांनी लहान, तरी. कोमाद्रे झालं की थट्टा चालते, भांडण चालत नाही, आणि एकीचं काही बरंवाईट झालं तर दुसरीने तिचं पोर आपल्या घरी न्यायचं असतं. हे कुणी लिहून घेत नाही. कुणी विसरतही नाही.

फेब्रुवारीत तिच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली. मार्चमध्ये तिथे तीन झाल्या आणि काखेत एक. जवळच्या बानी शहरातल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि तिला राजधानीतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात धाडलं. तिचा नवरा रादामेस मिठागरांवरून मीठ वाहणारा ट्रक चालवतो. त्याला रजा मिळत नाही, निदान तो तसं सांगतो. म्हणून बसने तिच्याबरोबर मी गेले. पुढेही प्रत्येक वेळी मीच गेले.

तिथल्या कर्करोगाच्या डॉक्टरीणबाईंचं नाव मार्चेना. पहिल्या दिवशी मला ती बाई आवडली होती, हे सांगताना आज माझी मलाच चीड येते. तिने कागदावर मान काढली, गाठी काढल्या आणि सरळ सांगितलं की हा कर्करोग झपाट्याने वाढणारा आहे, पण औषधाला लवकर वठणीवर येणारा आहे. सहा वेळा सलाईनमधून औषध द्यायचं. तुझ्या वयाच्या दहा बायकांमधल्या सात बऱ्या होऊन घरी जातात, म्हणाली. फक्त उशीर करायचा नाही, सोमवारी सुरू करू. बेल्किसने विचारलं, केस जातील का. जातील, म्हणाली. "बरं झालं," बेल्किस म्हणाली, "शनिवारी डोक्याला रोलर लावून बसायचा ताप गेला."

सोमवारी आम्ही सकाळी सातला हजर. बेल्किसने मानेभोवती नवी ओढणी बांधली होती. अकरा वाजता मार्चेनाबाईंनी आत बोलावलं आणि या वेळी त्यांनी मान वर केली नाही. औषध सुरू करायच्या आधी बायकांची एक तपासणी करतात, ती झाली होती. बेल्किसला दिवस गेले होते. सहा आठवडे.

मला आधी कळलंच नाही की यात अडचण काय. गर्भ सहा आठवड्यांचा, बाई सत्तावीस वर्षांची, घरी आठ वर्षांची मुलगी. आधी बाई वाचवा, असं माझ्या साध्या डोक्याला वाटलं. मार्चेनाबाई म्हणाली की हे औषध आता दिलं तर गर्भ राहायचा नाही, आणि गर्भ गेला तर कुणामुळे गेला हे मला विचारतील. मला, म्हणाली. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून. आमच्या देशात गर्भ काढायला कसलीच सवलत नाही. बलात्कार असो, आजार असो, आईचा जीव जात असो, कायदा ऐकून घेत नाही. डॉक्टर तुरुंगात जातो आणि बाईही.

"म्हणजे मी बरी होऊ शकते, पण तुम्ही करणार नाही," बेल्किस म्हणाली.

मार्चेनाबाईंनी फाइल मिटली आणि आम्हाला खाली प्रसूती विभागात पाठवलं. तिथे बेल्किसचं वजन केलं, पोट मापलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक गुलाबी कार्ड दिलं. त्यावर "अभिनंदन, आई" असं छापलेलं होतं. नर्सने तिला ओढणी सोडायला लावली, गाठी बघितल्या आणि पुन्हा बांधायला लावली. हे आमच्याकडे नाही, वर दाखवा, म्हणाली. आम्ही वर गेलो. वरचे म्हणाले, कार्ड झालंय ना, मग आता तुम्ही खालच्यांच्या पेशंट. दोन आठवडे आम्ही त्या जिन्यावर होतो. वरच्यांना पोट दिसायचं, खालच्यांना मान दिसायची, आणि दोघांनाही घरी जायची घाई असायची. गाठी मात्र घाईत नव्हत्या, त्या आपल्या रोज वाढत होत्या.

रादामेस म्हणाला, थोडं थांबून बघू, देवाच्या मनात असेल तसं होईल. ती चुलीत लाकूड सारत होती. तिने वळूनही बघितलं नाही. "तू थांब," ती म्हणाली. "तुला जमतं ते." तो बाहेर जाऊन डॉमिनो खेळणाऱ्यांत बसला. मी त्याला त्या दिवसापासून माफ केलेलं नाही, आणि तो चांगला बाप आहे असं मला कुणी सांगायला येऊ नये.

गर्भाच्या आठव्या आठवड्यात रुग्णालयाने समिती बसवली. पाच डॉक्टर, चर्चची एक जोगीण आणि रुग्णालयाचे वकील. वकिलांच्या शर्टाची इस्त्री अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. कोमाद्रे म्हणून मला आत बसू दिलं, बोलायचं नाही या अटीवर. ते तासभर गर्भाबद्दल बोलले. त्याच्या हृदयाचे ठोके, त्याचा हक्क, राज्यघटनेतलं कलम. बेल्किस समोरच्या खुर्चीत बसून ओढणीची गाठ सोडत होती आणि बांधत होती. मग वकील तिच्याकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, गैरसमज नको. उपचार नाकारलेला नाही. पुढे ढकललाय."

"मी दुधाचं काम करते," बेल्किस म्हणाली. "चुलीवर काहील ठेवून आम्ही समिती बसवत नाही. तुम्ही बोलत बसाल तोवर करपेल सगळं."

जोगीण म्हणाली की मुली, अनेक आयांनी आपल्या बाळासाठी प्राण दिलेत. बेल्किस म्हणाली, "त्यांना कुणी विचारलं होतं का? मला तरी विचारा." कुणी विचारलं नाही. बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा बसू, असं ठरलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला गप्प राहवेना. मी त्या वकिलांना शिव्या दिल्या, जोगिणीला दिल्या, मार्चेनाबाईंच्या खानदानाला दिल्या. ती म्हणाली, "कोमाद्रे, एक विचारू? ते कलम घालायचं चाललं होतं, तेव्हा चर्चच्या दाराशी टेबल मांडून सह्या घेत होते. तुम्ही केली होती ना?"

केली होती. मी नुसती सही केली नव्हती, मी टेबलाशी बसले होते. फादर म्हणाले होते, बाळांचे जीव वाचवायचेत, आणि बाळांच्या विरोधात कोण असतं? मी आळीतल्या चाळीस बायकांना ओढून आणलं होतं. लिहिता न येणाऱ्यांचे अंगठे घेतले होते. त्या कागदावर बेल्किस नावाची बाई मला कुठेच दिसली नव्हती.

"तेव्हा मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "तुम्ही मला मिठाईचा तुकडा दिला होता त्या टेबलावरून."

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की ज्या हाताने सही केली त्या हाताने काहीतरी करायचं. माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. दुसऱ्या एका शहरात कर्करोगाचं वेगळं रुग्णालय आहे, तिथे बेल्किसची फाइल नव्हती. तुकडा तपासल्याचा कागद आमच्याकडे होता. तो घेऊन नवीन पेशंट म्हणून जायचं, गुलाबी कार्ड घरी ठेवायचं. आमच्याकडे तपासणीची लघवी घरून न्यायची पद्धत आहे. बाळांचं खाणं मिळतं त्या बारक्या काचेच्या बाटल्या प्रत्येक घरात याच कामासाठी धुऊन ठेवलेल्या असतात. बाटलीवर नाव लिहायचं आणि खिडकीत द्यायची, कोण कुणाची हे तिथे कुणी बघत नाही. बाटलीवर नाव बेल्किसचं, आत लघवी माझी. मी हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी आठवड्यांनी हसली. "कोमाद्रे, तुमच्या नळाचा शेवटी उपयोग झाला," म्हणाली. औषधाने पोटातलं राहणार नाही, हे आम्हाला दोघींना माहीत होतं. त्याबद्दल ती एवढंच म्हणाली की यानेली आहे ती आधी.

ज्या सकाळी जायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी नेहमीसारखी खरवड खाल्ली. दोघींची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्या रुग्णालयात सगळं सुरळीत झालं. खिडकीत बाटली दिली, बेल्किसचं रक्त घेतलं, नव्या डॉक्टरांनी गाठी बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, इतका उशीर का केलात, तपासण्या बऱ्या आल्या तर परवाच सुरू करू. परवा. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून भाजलेलं कणीस खाल्लं. बेल्किसने ओढणी काढून मांडीवर ठेवली, लोक बघत होते तरी. आता गाठींना लाजायचं कारण नाही, म्हणाली, पाहुण्या आहेत त्या.

दोनच्या सुमाराला प्रयोगशाळेतल्या बाईने आम्हाला आत बोलावलं. पन्नाशीची, जाड चष्म्याची, थकलेली बाई. तिच्यासमोर दोन कागद होते. गर्भ नाही असं एकावर आलं होतं, आमच्या मनासारखं. पण ती म्हणाली, या लघवीत इतकी साखर आहे की मुंग्या लागतील, आणि या रक्तात साखर अगदी बेताची. असं एका माणसाच्या अंगात होत नाही. ती बेल्किसकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी काही म्हणायच्या आत बेल्किस म्हणाली, बाटली नीट धुतलेली नव्हती, आम्ही मिठाईच्या दुकानात काम करतो. खोटंही तिला किती पटकन सुचायचं. पण ती बाई मुरलेली होती. तिने कपाटातून नवी बाटली काढली, बेल्किसला घेऊन आत गेली आणि दार उघडं ठेवून उभी राहिली.

दहा मिनिटांत निकाल आला. मग तिने काही न विचारता माझं बोट धरलं, टोचलं आणि यंत्रावर थेंब घेतला. तीनशे चाळीस.

मी म्हणाले, हो, ती माझी होती, काय करायचं ते करा, पण हिला औषध द्या. मी तिचा हात धरला, देवाची शपथ घातली. तिने चष्मा काढून पुसला. "तुमच्या कोमाद्रेसाठी माझ्या हातात काही नाही," ती म्हणाली. "मी हे दडवलं तर माझी नोकरी जाईल, आणि औषध दिल्यावर हिचा गर्भ पडला तर पोलीस आधी हिलाच धरतील. पण तुम्ही आजच डॉक्टरांना भेटा. हे वाढलं तर पाय जातील, डोळे जातील." तिने स्वतः फोन करून मला नंबर लावून दिला. तासाभरात मी एका डॉक्टरासमोर होते. त्याने मला गरोदर आहात का असं विचारलं नाही, माझ्यासाठी समिती बसवली नाही. माझं वय बघितलं, चिठ्ठी लिहिली, आणि खालच्या खिडकीत मला तीन महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळाल्या.

बेल्किस बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर तिची फाइल होती आणि तिला आता एक लाल चिठ्ठी लावली होती. परवाचं रद्द झालं होतं. नव्या डॉक्टरांनी जुन्या रुग्णालयाला फोन करून सगळं कळवलं होतं, म्हणजे तो रस्ताही बंद. मी गोळ्यांची पिशवी गटारात टाकायला निघाले होते. तिने माझं मनगट पकडलं. तिच्या बोटांत अजून जोर होता, अकरा वर्षं काहिलीत फावडं फिरवल्याचा.

"घ्यायच्या," ती म्हणाली. "रोज. खरवड बंद. यानेलीला कुणीतरी लागेल."

"असं अभद्र बोलू नका, कोमाद्रे."

"मग तू सांग मला, कसं बोलू," ती म्हणाली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांत तिने मला तू म्हटलं ते एकदाच.

समितीचं पत्र चौदाव्या आठवड्यात आलं. गर्भाला आता धोका कमी आहे, सबब उपचारास हरकत नाही, खाली सात सह्या. तोवर गाठी छातीत उतरल्या होत्या आणि ती उशीला टेकून बसल्याशिवाय श्वास घेऊ शकत नव्हती. मार्चेनाबाईंनी तिला औषधाचं पहिलं सलाईन लावलं, तेही कमी मात्रेचं. मी काचेतून बघत होते. बेल्किस नळीतून पडणारे थेंब मोजत होती. मी आत गेले तेव्हा म्हणाली, "करपलं, कोमाद्रे. वास येतोय." नऊ दिवसांनी, बुधवारी दुपारी, ती गेली. पोटातलंही तिच्याबरोबरच गेलं. ज्याच्यासाठी सगळ्यांनी एवढे कागद रंगवले, त्याच्यासाठी त्या बुधवारी वरून किंवा खालून कुणी धावत आलं नाही. वकिलांनी एका पत्रकाराला सांगितलं की रुग्णेला उपचार नाकारला गेला नव्हता.

ती गेल्यावर नवव्या दिवशी घरी प्रार्थना होती. आल्याचा चहा, बिस्किटं, उसन्या आणलेल्या खुर्च्या. फादर म्हणाले की आज स्वर्गात दोन देवदूत आहेत. मी उभी राहिले. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणाले की तेरा वर्षांपूर्वी तुमच्या टेबलावर मी एक सही केली होती, ती मला परत द्या. रादामेस मला खाली बसवायला लागला. फादर म्हणाले, सुनिल्दा, ते कागद तेव्हाच राजधानीला गेले, आता कुठे असतील. मला ठाऊक होतं ते कुठे आहेत. मी आठ आठवडे त्यांच्यासमोर जिन्यावर उभी होते.

यानेली आता माझ्याकडे असते. तिच्या आईसारखी तिखट आहे आणि तिलाही गोड आवडत नाही. दुकानात माझ्या शेजारी एक नवीन मुलगी आली आहे, ती काहील नेहमी उशिरा उतरवते. खरवड मी तिला देते.

गोळ्या मी रोज घेते, सकाळी आणि रात्री. गेल्या आठवड्यात तपासणीला गेले होते. साखर एकशे दहा आली. डॉक्टर खूश झाले. तरुण आहेत, बिचाऱ्यांना माझ्याबद्दल काही माहीत नाही. कागद बघत म्हणाले, "बाई, नशीबवान आहात. वेळेवर सापडलं." मग त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कळलं कसं. मी सांगितलं, एका बाटलीत सापडलं. बाटलीवर कुणाचं नाव होतं हे त्यांनी विचारलं नाही, पण मी सांगितलं. पूर्ण नाव, वय आणि आठवडे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी माझ्या पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या आणि यानेलीला शाळेतून आणायला गेले.